चालू होती की गं ती सुई

वॉर्डात तिला कॅन्युला कुणीच म्हणत नाही. डॉक्टर लाईन म्हणतात, आम्ही इंट्राकॅथ नाहीतर व्हेनफ्लॉन म्हणतो, मावशींसाठी ती सलाईनची सुई आणि पेशंटसाठी नुसती सुई, "सिस्टर, सुई ठणकतीय ओ". खरं तर आत सुई नसतेच, शीर सापडली की सुई बाहेर काढून टाकतात आणि आत राहते ती बारीक प्लॅस्टिकची नळी, पण हे मी वीस वर्षांत हजारदा समजावलंय आणि हजारदा पेशंटने मान डोलावून परत सुईच म्हटलंय, त्यामुळे मीही इथे सुईच म्हणते.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन दीड-दोन वर्षं झालेली, फिमेल मेडिसिनला पोस्टिंग. एक आजी न्यूमोनिया होऊन आलेल्या. हात म्हणजे वाळकी काटकी, कातडीखाली शिरा लख्ख दिसायच्या पण टोचायला गेलं की सरकायच्या, ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना सुया लावल्यात त्यांना कळेल मी काय म्हणतेय. पहिल्या दिवशी एका सिनियर सिस्टरने निळी, म्हणजे बावीस नंबरची, एका झटक्यात डाव्या हाताला लावून दिली होती आणि ती अगदी मस्त चालली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॉली घेऊन गेले, स्टिकिंगवरची तारीख वाचली, तिसरा दिवस लागलेला, काढून टाकली. आम्हाला शिकवलंच होतं तसं, तिसऱ्या दिवशी सुई बदलायची म्हणजे बदलायची, चांगली असो वाईट असो.

नवीन काही लागेना. डावा हात झाला, उजवा झाला, कोपर झालं, मग मी हाउसमनला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला, बोलावलं, त्याने दोनदा बघितलं, शेवटी पाचव्या की सहाव्या टोचण्याला पायावर कशीबशी पिवळी लागली. पिवळी म्हणजे चोवीस नंबर, लहान मुलांची. आजी सगळा वेळ गप्प होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "चालू होती की गं ती सुई. मग काढलीस कशापायी?"

मी म्हटलं, "आजी, तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवली तर हात सुजतो."

त्यांनी दोन्ही हात समोर धरले, जागोजागी काळेनिळे झालेले. "व्हय, आता न्हाई सुजायचा."

मला हसू आलं तेव्हा. घरी गेल्यावर नाही आलं.

तर आजींनी विचारलेला तो प्रश्न, चालू असलेली सुई काढायची कशाला, अगदी तोच प्रश्न ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नर्सेसनी विचारला, फक्त त्यांनी तो ३२८३ पेशंटांना घेऊन विचारला. क्लेअर रिकर्ड ही त्यातली मुख्य संशोधक, ती स्वतः नर्स. तीन हॉस्पिटलं घेतली, अर्ध्या पेशंटांची सुई दर तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे बदलली आणि उरलेल्या अर्ध्यांची तेव्हाच बदलली जेव्हा काहीतरी बिघडलं, म्हणजे दुखायला लागली, लाल झाली, बाहेर गळायला लागली, बंद पडली. कोणाला कुठल्या गटात टाकायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं, आपल्या मर्जीने नाही. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'ला छापून आलं. शीर सुजण्याचं, आमच्या भाषेत फ्लेबायटिसचं, प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के. दोन्हीकडे! म्हणजे तिसऱ्या दिवशी काढून काहीच वाचत नव्हतं, वाढत होतं ते फक्त टोचणं.

हे मला कळलं ते पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री, करताना, आणि तेही अभ्यासक्रमात होतं म्हणून नव्हे. अभ्यासक्रमातल्या रिसर्चबद्दल काय सांगू. आमच्या बॅचमध्ये जेवढे प्रोजेक्ट झाले त्यातल्या बहुतेकांची नावं एकाच साच्यातून काढलेली, "अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामचा परिणाम". तुम्ही नर्सिंग केलं असेल तर आत्ता हसला असाल. साठ बायका गोळा करायच्या, त्यांना प्रश्नपत्रिका द्यायची, मग चार्ट दाखवून अर्धा तास लेक्चर द्यायचं, सात दिवसांनी तीच प्रश्नपत्रिका परत द्यायची, आणि मार्क वाढले की निष्कर्ष काढायचा की शिकवल्यावर लोक शिकतात. मग ते निळ्या रेक्झिनमध्ये बाइंड करायचं, वर सोनेरी अक्षरं, लायब्ररीच्या कपाटात ठेवायचं, पुढच्या वर्षीच्या मुली ते काढून नुसता आजार बदलणार. मीही केलंय, नाकारत नाही. माझा विषय होता मधुमेह्यांच्या पायाची काळजी. त्या साठ जणांपैकी कोणाचा पाय पुढे वाचला का ते मी बघितलं नाही, ते प्रोजेक्टमध्ये नव्हतंच.

सुईचा पेपर सापडला तो नाईटला, मोबाईलवर, दुसरंच काहीतरी शोधताना. इंग्रजी जड, त्यात स्टॅटिस्टिक्स, सुरुवातीचा सारांश वाचता येतो आणि पूर्ण लेख उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. पण सारांश पुरेसा होता, मी तो चारदा वाचला आणि माझ्या डोळ्यापुढे आजींचे हात.

दुसऱ्या दिवशी उत्साहात इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. त्या वाईट नव्हत्या हं, उलट कडक आणि प्रामाणिक, त्यांच्या वॉर्डातून कापसाचा बोळा इकडचा तिकडे व्हायचा नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं खरं असेल गं तुझं. पण उद्या तपासणीला माणसं आली आणि त्यांनी सुईवर चार दिवसांपूर्वीची तारीख बघितली तर मेमो कुणाला, तुझ्या ऑस्ट्रेलियाला का मला?"

याला उत्तर नव्हतं. युनिटच्या लेक्चरर डॉक्टर सरांना विचारलं तर ते म्हणाले, "हो हो, अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने, सीडीसीनेही २०११ मध्ये म्हटलंय की ७२ ते ९६ तासांच्या आत बदलायची गरज नाही, वाचलंय मी." मग सर, लिहून देता का वॉर्डसाठी? "ते नर्सिंगचं आहे ना, तुमच्या मेट्रनना विचारा." मेट्रन, म्हणजे हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, म्हणाल्या डॉक्टरांची लेखी ऑर्डर आणा. असा तो सारांशाचा कागद खिशात घेऊन मी तीन जिने चढले-उतरले आणि परत ट्रॉलीपाशी येऊन तिसऱ्या दिवसाच्या सुया काढायला लागले. नर्सेस रिसर्च वाचत नाहीत असं जे कोणी म्हणतं ना, त्यांना मला विचारायचंय की वाचून झाल्यावर काय करायचं असतं तेही सांगा.

आमच्याकडे गंमत अशी की नर्सिंगला प्रवेश घेतल्यावर पहिला सोहळा लॅम्प लायटिंगचा. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, बोटांवर गळणारं मेण, आणि नाइटिंगेलबाईंच्या नावाने शपथ. दिवा घेऊन रात्री फिरणारी दयाळू बाई एवढंच आमच्या डोक्यात बसलं. ही बाई क्रायमियाच्या युद्धातले मृत्यू मोजत होती, गोळ्या-तलवारींपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मेले हे तिने आकृती काढून सरकारपुढे ठेवलं, आणि १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं, पहिली बाई, हे मला नोकरीला लागून दहा वर्षं झाल्यावर कळलं. शपथ घेताना आमच्या हातात मेणबत्तीच्या जोडीला एक वही दिली असती तर बरं झालं असतं.

आणि हे काही फक्त गोऱ्यांचंच असतं असंही नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून त्याचा रीतसर अभ्यास छापला २००३ मध्ये. ज्याने भाजलेल्या पेशंटचं चिकटलेलं गॉज सोडवलंय त्यालाच कळेल की न चिकटणारं ड्रेसिंग म्हणजे काय चीज असते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं, ३९ गावांत हे केलं आणि शेजारच्या ४७ गावांशी ताडून बघितलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ चा पेपर. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटी त्याच्यावरच उभ्या राहिल्या. त्या बायकांकडे काही मशीन नव्हतं. घड्याळ, वजनकाटा, थर्मामीटर आणि बाळाच्या छातीकडे बघत बसायची तयारी.

हे बघत बसणं लक्षात ठेवा, परत तिथेच येणार आहे मी.

आता एक कबुली. स्पिरिट-पावडर. जुन्या सगळ्या सिस्टर्सना हा वास ओळखीचा असेल. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कुशीवर वळवायचं, पाठीला स्पिरिट लावून माकडहाडावर, खुब्यावर, खांद्याच्या पात्यांवर गोल गोल चोळायचं, मग वरून पावडर. नर्सिंगच्या शाळेत याला मार्क होते, ट्रेमध्ये कुठली वाटी कुठे मांडायची ते पाठ. मला हे काम मनापासून आवडायचं. पेशंट डोळे मिटून घ्यायचे, नातेवाईक म्हणायचे सिस्टरच्या हाताला गुण आहे. आणि मग वाचलं की हाडाच्या टोकावरची कातडी आधीच दबून लाल झालेली असते, तिथे चोळलं की आतला नाजूक भाग आणखी दुखावतो, स्पिरिटने कातडी कोरडी पडते ती वेगळीच. चोळू नका असं गाईडलाईन स्पष्ट सांगतात. पेशंटचे लोक मेडिकलमधून आणतात ती हवा भरायची गोल रिंग, तीही नको, मधलं भोक सोडून कडेने दाब येतो. टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह ठेवायचो आम्ही, किती कौतुकाने ठेवायचो, तोही नको.

मला हे पचायला फार जड गेलं, सुईपेक्षाही जड. सुईचं कसं, तो नियम दुसऱ्याने केलेला, मी फक्त पाळत होते. पाठ मात्र मी माझ्या हाताने, मायेने चोळली होती. कित्येक दिवस मी मनातल्या मनात भांडत होते, की असं कसं, माझ्या कितीतरी पेशंटांना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, झाले नाहीत की. मग हळूहळू उलगडत गेलं. स्पिरिट लावायला आम्ही पेशंटला वळवत होतो. वळवलं की दाब सुटत होता, पाठ नजरेखालून जात होती, लाल दिसलं की उशी लावत होतो, ओली चादर बदलत होतो. गुण असलाच तर या सगळ्यात होता, आणि श्रेय बाटलीला जात होतं. डोरीन नॉर्टन नावाच्या ब्रिटिश नर्सने सहकाऱ्यांबरोबर म्हाताऱ्या पेशंटांचा अभ्यास करून १९६२ मध्ये जो नॉर्टन स्केल दिला, कोणाला जखम होण्याचा धोका जास्त ते आधीच ओळखायचा, त्यात मनःस्थिती, हालचाल, लघवी-संडासवर ताबा, असल्या गोष्टी बघायला सांगितल्यात. सगळं बघायचंच काम.

पण यातली मेख अशी की स्पिरिट बंद करा असं सांगितलं की वॉर्डात काय होतं? बॅक केअरच बंद होतं. कारण ट्रे मांडायचा तर पेशंटला वळवावं लागायचं, ट्रे नाही तर वळवायचं निमित्तही नाही. मी हे डोळ्यांनी बघितलंय. चुकीची गोष्ट गेली आणि तिच्या पदराला धरून बरोबर गोष्टही गेली.

सुईचंही तसंच आहे की काय, हा किडा तेव्हापासून डोक्यात.

तो नियम आमच्या वॉर्डातून गेला कसा ते ऐका. लॅन्सेटमुळे नाही, स्टोअरमुळे. एका पावसाळ्यात डेंग्यूने वॉर्ड भरून वाहत होता, खाली गाद्या टाकलेल्या, आणि इंट्राकॅथ संपल्या. स्टोअरला पाठवलेला मागणीचा कागद, इंडेंट, परत यायचा त्यावर लाल पेनाने "एन.ए.", म्हणजे शिल्लक नाही. नातेवाईकांना बाहेरून आणायला सांगावं तर त्यांच्याकडे एसटीला पैसे नाहीत. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, चालतात तोवर चालू देत. चार दिवस, पाच दिवस. जे काम माझ्या कागदाने झालं नाही ते रिकाम्या कपाटाने एका दिवसात केलं.

मला वाटलं हीच संधी आहे. दोनशेपानी वही आणली, रकाने आखले, बेड नंबर, सुई कधी लावली, सकाळ, दुपार, रात्र, आणि प्रत्येक खान्यात आकडा टाकायचा शून्य ते पाच. हे आकडे अँड्र्यू जॅक्सन या नर्सने १९९८ मध्ये सांगितलेल्या व्हीआयपी स्कोअरचे, म्हणजे सुईची जागा किती बिघडलीय ते बघून द्यायच्या मार्कांचे, शून्य म्हणजे जागा ठीक, दोन झाले की सुई काढा, असं सोपं. व्हीआयपी म्हटल्यावर मावशी हसल्या, "आपल्याकडं कोण यायलंय व्हीआयपी?" मी सगळ्यांना समजावलं, सगळ्यांनी हो म्हटलं, महिनाभर वही चालवली. मला वाटत होतं महिन्याअखेरी बेरीज करेन आणि इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर ठेवेन, बघा, आपल्याच वॉर्डाचं.

बेरीज झालीच नाही. सकाळचे खाने बऱ्यापैकी भरलेले, दुपारचे निम्मे, रात्रीचे कोरे. पानंच्या पानं कोरी. मी चिडले आधी, मग नाईट चार्ट काढून बघितला तर त्यातल्या कितीतरी रात्री माझ्याच. साठ बेडचा वॉर्ड, खालच्या गाद्या धरून नव्वदच्या घरात, रात्री आम्ही दोघी, त्यातली एक बहुतेक वेळ सिरियस पेशंटपाशी. कोण बघणार होतं कोणाचा हात? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स पाहिजे, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. लिंडा एकन, ही पण नर्सच, तिने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवलं की सर्जरीच्या वॉर्डात नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. एक पेशंट! आमच्याकडे दिवाळीत एक सिस्टर रजेवर गेली की तीस वाढतात.

आणि तेव्हा मला इन्चार्ज सिस्टरचा तिसरा दिवस वेगळा दिसला. क्वीन्सलँडच्या अभ्यासातला दुसरा गट, ज्यांच्या सुया ठेवल्या होत्या, त्यांच्या हातांकडे रोज कोणीतरी बघत होतं. बिघडली की काढा, यात बिघडलेली कळणं आलं. आमच्याकडे कळायला कोणी नाही म्हणून तारीख ठेवली होती, आंधळ्याच्या हातातल्या काठीसारखी. काठी वाईट नसते, पण तिच्यामुळे आजींना सहा वेळा टोचलं जातं. मी पेपरातली अर्धी ओळ उचलून आणली होती, सुई ठेवा. उरलेली अर्धी, हात बघा, ती मी खिशात आणली नव्हती, आणि ती महाग होती.

मग काय केलं? फार मोठं काही नाही. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटांची माहिती, घ्यायची पद्धत बदलली. आधी टेबलाशी बसून केसपेपर बघत ओव्हर व्हायचा, आता बेडपाशी उभं राहून, आणि पांघरूण बाजूला करून हात बघायचा, जाणारीने आणि येणारीने दोघींनी. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, शिव्या खाल्ल्या मी त्याच्यासाठी, एका सिस्टरची शेवटची गाडी चुकायची तिच्या तर फारच. दुसरं म्हणजे नातेवाईक. आपल्या वॉर्डात प्रत्येक बेडखाली चटई टाकून कोणीतरी असतंच, सून, भाऊ, नात, आणि आम्ही त्यांना दिवसभर "बाहेर व्हा" म्हणत असतो. ऑस्ट्रेलियातल्या वॉर्डात बेडखाली झोपणारी सून कुठून आणणार? मी त्यांना सांगायला लागले, हे बघ, ही जागा लाल झाली, सुजली, दुखायला लागली, ओली झाली की मला उठवायचं, मी ओरडणार नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण आम्ही ओरडतो.

बायका फार नीट बघतात. एकीने रात्री तीनला येऊन सांगितलं, "सिस्टर, सासूबाईंच्या हाताला सकाळी बांगडी फिरत होती, आता फिरंना." ते कुठल्याच स्कोअरमध्ये नाहीये. जाऊन बघितलं तर सलाईन शिरेबाहेर जात होतं, हात टम्म.

इन्चार्ज सिस्टर रिटायर झाल्या. तिसऱ्या दिवसाचा नियम कागदोपत्री अजून आहे की नाही ते मी विचारत नाही, तपासणीच्या आदल्या दिवशी काही सुया उगाच बदलल्या जातात एवढं मला माहीत आहे, त्यातल्या एक-दोन मीही बदलल्यात. वही माझ्या लॉकरमध्ये आहे, कोऱ्या पानांसकट.

परवा एक थर्ड इयरची विद्यार्थिनी ट्रे घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, सात नंबरच्या आजींच्या इंट्राकॅथला चौथा दिवस आहे, काढू?"

"हात कसा आहे?"

ती गप्प. तारीख वाचून आली होती, मी यायचे तशीच. परत गेली, या खेपेला बराच वेळ लागला तिला, मला वाटलं रागावली. आली तेव्हा ट्रे हातात नव्हता.

"हात चांगला आहे मॅडम, दुखत नाही म्हणतात, सुईतून सलाईन सोडून बघितलं, फ्लशपण छान गेला. पण काल रात्रीपासून त्यांना कुणी कुशीवर वळवलेलं नाहीये, नातेवाईक कुणी नाहीत त्यांच्याबरोबर. मी एकटीने प्रयत्न केला, होत नाहीये."

मी खुर्चीवरची उशी उचलली. तिला म्हटलं, चल, तू खांद्याकडून धर.